‘आदर्श द्रावण’ : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

१

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची जी चर्चा आजवर झाली, तिच्यात दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले गेले. संज्ञा स्वकीय आहे की परकीय, हा पहिला. ती सुबोध आहे की दुर्बोध, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या उत्तरांनी संज्ञेची परीक्षा पुरी होत नाही. संज्ञा ऐकताच शिकणाऱ्याच्या मनात कोणती कल्पना उभी राहते, आणि ती शास्त्राला अभिप्रेत असलेल्या कल्पनेशी कितपत जुळते, हा तिसरा प्रश्न बहुधा विचारावयाचा राहूनच जातो. संज्ञा शुद्ध आणि सोपी असूनही चुकीच्या दिशेने नेणारी असू शकते, हे त्यामुळे आपल्या ध्यानात येत नाही.

रत्नागिरीत राहून परिभाषेविषयी लिहिणाऱ्यास या चर्चेचा इतिहास दृष्टीआड करता येत नाही. मराठीतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा उद्योग ज्यांनी आरंभिला त्या पिढीतील अग्रणी बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. ते गाव १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. कलनगणितासाठी त्यांनी ‘शून्यलब्धि’ ही संज्ञा योजिली. पुढे १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली, आणि माधव जूलियन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून तिचा शास्त्रीय अंगाने परामर्श घेतला. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि परिभाषाकोशांचे कार्य शासकीय पातळीवर सुरू झाले. या दीर्घ परंपरेने आपल्याला हजारो शब्द दिले आहेत. ते शब्द आता तपासून पाहणे, हेही त्या परंपरेचेच पुढचे काम होय.

प्रस्तुत लेखात ही तपासणी रसायनशास्त्राच्या एकाच प्रकरणापुरती केली आहे. ‘बाष्पदाब’, ‘द्रावण’, ‘आदर्श द्रावण’ आणि ‘विचलन’ या चार संज्ञा तेथे हातात हात घालून येतात. लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, रसायन नव्हे. तथापि संज्ञेचा अर्थ तपासावयाचा तर ज्याची ती संज्ञा आहे तो विषय आधी समजून घेणे भाग आहे.

२

बंद पात्रात एखादा द्रव ठेवला, तर त्याच्या पृष्ठभागावरून काही रेणू सुटून वरच्या मोकळ्या जागेत जातात आणि काही परत द्रवात येतात. सुटणाऱ्यांची आणि परतणाऱ्यांची गती सारखी झाली म्हणजे वरच्या बाष्पाचा दाब स्थिर होतो. हाच त्या द्रवाचा त्या तापमानाचा बाष्पदाब. तो पाण्याचा ३० अंश सेल्सिअसला पाऱ्याचे सुमारे ३२ मिलिमीटर भरतो. द्रव तापवीत गेल्यास बाष्पदाब वाढतो, आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळू लागतो.

आता दोन द्रव एकत्र केले तर काय होईल? फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे काम करणारे फ्राँस्वा-मारी राउल्ट (१८३०–१९०१) यांनी १८८७ च्या सुमारास याचा नियम मांडला. मिश्रणातील प्रत्येक घटकाचा बाष्पातील आंशिक दाब हा त्याच्या शुद्ध स्थितीतील बाष्पदाबाला मिश्रणातील त्याच्या मोल-अपूर्णांकाने गुणिले असता येतो. उदाहरणार्थ, २० अंश सेल्सिअसला बेंझिनचा बाष्पदाब सुमारे ७५ मिलिमीटर व टोल्यूइनचा सुमारे २२ मिलिमीटर आहे. दोहोंचे रेणू समसमान घेतले तर बेंझिनचा वाटा ३७·५, टोल्यूइनचा ११, आणि एकूण दाब ४८·५ मिलिमीटर यावयास हवा. प्रत्यक्ष मोजमाप या आकड्याच्या अगदी जवळ जाते. याचे कारण असे की, हे दोन्ही रेणू घडणीने एकमेकांसारखे आहेत. बेंझिनच्या रेणूला शेजारी बेंझिन असो वा टोल्यूइन, त्याच्यावरील ओढ जवळजवळ तीच राहते. अशा मिश्रणात मिसळताना उष्णता बाहेर पडत नाही वा आत घेतली जात नाही, आणि घनफळही बदलत नाही. सर्व प्रमाणांत राउल्टच्या नियमाप्रमाणे वागणारे असे जे मिश्रण, त्याला ‘आदर्श द्रावण’ म्हणतात.

सर्वार्थाने असे मिश्रण मात्र निसर्गात सापडत नाही. काही मिश्रणे त्याच्या जवळ जातात, इतकेच. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांचे रेणू एकमेकांना विशेष ओढून धरतात, म्हणून त्यांच्या मिश्रणाचा बाष्पदाब हिशेबापेक्षा कमी भरतो. यास ‘ऋण विचलन’ म्हणतात. अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाचा बाष्पदाब हिशेबापेक्षा अधिक भरतो. ते ‘धन विचलन’. विषय इतकाच आहे. आता या संज्ञा एकेक करून पाहू.

३

‘बाष्पदाब’ या संज्ञेवर सुलभतावादी मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो : ‘वाफ’ हा घरचा शब्द असता ‘बाष्प’ कशासाठी? व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द एकच होत. संस्कृत ‘बाष्प’, प्राकृत ‘बप्फ’, मराठी ‘वाफ’ अशी ही सरळ परंपरा आहे. एकाच मूळ शब्दाचे तत्सम आणि तद्भव असे दोन्ही अवतार भाषेत नांदू लागले की त्यांची अर्थक्षेत्रे वाटली जातात, हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. येथेही तसेच घडले. ‘वाफ’ शब्दाला चूल चिकटलेली आहे. भाताची वाफ, मोदकांना दिलेली वाफ, वाफाळलेला चहा, या सर्वांत उष्णता गृहीत आहे. तोंडची वाफ दवडणे या वाक्प्रचारातही ती ऊब उरलेली आहे.

शास्त्राला तर नेमके उलट सांगावयाचे असते. बाष्पदाबाला उकळण्याची गरज नाही. थंड पाण्यालाही बाष्पदाब असतो. श्रावणात दोरीवर टाकलेले धोतर दोन-दोन दिवस वाळत नाही, याचे कारण भोवतालच्या हवेत बाष्प आधीच भरलेले असते. त्या हवेत ‘वाफ’ आहे असे कोणी म्हणणार नाही. ‘वाफेचा दाब’ म्हटल्याबरोबर विद्यार्थ्यास आगगाडीचे जुने इंजिन आठवते. म्हणून येथे तत्सम शब्द योजणे हे पांडित्यप्रदर्शन नव्हे. घरच्या शब्दाला चिकटलेली उष्णता टाळण्याचा तो योग्य उपाय आहे. संस्कृतात ‘बाष्प’ म्हणजे आसवेही होत. परंतु ‘बाष्पगद्गद’ यासारखे थोडे ग्रांथिक शब्द सोडले तर तो अर्थ मराठीत जागा नाही, त्यामुळे तो आड येत नाही.

‘द्रावण’ या शब्दाविषयी मात्र असा निर्वाळा देता येत नाही. त्याच्या मुळाशी ‘द्रु’ म्हणजे धावणे, वाहणे हा धातू आहे. ‘द्रावण’ म्हणजे वाहते करणे. जुन्या रसशास्त्रात धातू वितळविण्याच्या क्रियेला हाच शब्द आहे, आणि ‘हृदयद्रावक’ या आजच्या शब्दातही पाझर फुटण्याची, वितळण्याची कल्पना आहे. आता मराठी बोलणारा मनुष्य दोन क्रियांत स्पष्ट भेद करतो : लोणी वितळते, साखर विरघळते. वितळण्यास उष्णता लागते; विरघळण्यास दुसरा पदार्थ लागतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. बोलीने जो भेद राखला तो परिभाषेने ‘द्रु’ धातूपाशी जाऊन पुसट केला, असे म्हणावे लागते.

त्यातही एकवाक्यता नाही. शालेय पुस्तकांतून ‘द्रावण, द्रावक, द्राव्य’ ही मालिका आहे. मराठी विश्वकोशात ‘विद्राव’ व ‘विद्रावक’ हे शब्द आहेत. हिंदीने ‘विलयन’ घेतले आहे. ‘ली’ धातूवरून आलेला हा शब्द विरघळण्याच्या अधिक जवळचा खरा. पण मराठी कानाला ‘विलय’ म्हटले की लोपून जाणेच ऐकू येते. १९४८ साली सावंतवाडी संस्थानाचे विलीनीकरण झाले, तेव्हा संस्थान म्हणून ते उरले नाही. पाण्यात विरघळलेले मीठ तसे नाहीसे होत नाही. शिरोड्याच्या मिठागरात ऊन ते परत काढून दाखविते. तात्पर्य, तिन्ही शब्दांत काही उणे आहेच. ‘द्रावण’ हा शाळेत रुळलेला असल्याने तो बदलण्याचे कारण नाही. परंतु शिक्षकाने तो सांगताना ‘विरघळणे’ या क्रियापदाचा हात सोडू नये.

४

प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख आहे तो ‘आदर्श’ या विशेषणावर. वर्गात काही विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाने एकदा विचारले, ‘आदर्श द्रावण म्हणजे कसे असेल?’ विषय अद्याप न शिकलेल्या त्या मुलांनी जी उत्तरे दिली ती अशी : ‘सगळ्यांत चांगले’, ‘ज्यात भेसळ नाही असे’, ‘बाकीच्या द्रावणांनी ज्याच्यासारखे व्हावे ते.’ या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. ती मराठी भाषेच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहेत. आदर्श विद्यार्थी, आदर्श गाव, आदर्श शिक्षक या प्रयोगांनी त्या शब्दाला जो अर्थ दिला आहे, तोच मुलांनी प्रामाणिकपणे पुढे चालविला.

बरे, ही संज्ञा एकटी येत नाही. संज्ञेचे मूल्य तिच्या शेजारच्या संज्ञांशी असलेल्या संबंधांतून ठरते, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. ‘आदर्श’च्या शेजारी येथे कोण आहे ते पाहावे. ‘नियम’ आहे, द्रावण तो नियम ‘पाळते’ वा ‘पाळत नाही’. न पाळणारे ते ‘अनादर्श’. आणि आदर्शापासून ढळणे ते ‘विचलन’. ‘विचलित होणे’ म्हणजे निश्चयापासून, मार्गापासून ढळणे. हे चारही शब्द एकत्र वाचले की रसायनशास्त्राच्या पानावर एक नीतिकथा उभी राहते : काही द्रावणे सदाचारी, बाकीची वाट चुकलेली. विद्यार्थी ती कथा पाठ करतो, परीक्षेत लिहितो, आणि द्रावणांची बहुसंख्या वाईट चालीची आहे असा काहीसा समज घेऊन पुढे जातो.

यावर कोणी म्हणेल की, इंग्रजीतही हीच शब्दयोजना आहे. तेथेही द्रावणे नियमाची आज्ञा पाळतात आणि त्यापासून ढळतात. हे खरे आहे. पण इंग्रजी विशेषणाला प्लेटोपासून चालत आलेला आणखी एक अर्थ आहे : केवळ विचारात असणारे, प्रत्यक्षात पूर्णपणे न सापडणारे. मराठी ‘आदर्श’ला तो अर्थ नाही, आदर्श गाव पाहावयास जाता येते. दुसरा आक्षेप असा की, संज्ञा वापराने झिजते आणि तिचा मूळ व्यवहारातील रंग उडून जातो. हेही खरे, मात्र झिजण्यास वापर हवा. आपल्याकडे मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी संज्ञा शिकतो आणि त्यानंतरचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकतो. बाष्पदाबाचे हे प्रकरण त्याच्या पुढ्यात येते ते नंतर. त्यामुळे या मराठी संज्ञा कोशात नव्याकोऱ्या पडून राहिल्या, त्यांच्यावर वापराचा हात फिरला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उच्च शिक्षणाची पुस्तके भारतीय भाषांत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. उद्या त्या पुस्तकांतून या संज्ञा एकदम हजारो विद्यार्थ्यांपुढे जातील तेव्हा त्या आपला कोशातला नवेपणा आणि व्यवहारातला सारा रंग घेऊनच जातील. तपासणीची वेळ आहे ती म्हणूनच आता.

५

नीतिकथेचे नुकसान केवळ भाषिक नाही; ती शास्त्रही बिघडविते. कोकणातल्या घरोघर माहीत असलेली एक गोष्ट घेऊ. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. याचे कारण बाष्पदाबात आहे. मिठाच्या कणावर पाण्याचा जो अतिसूक्ष्म थर बसतो, ते मिठाचे संपृक्त द्रावण होय. हवेतील बाष्पाचा दाब त्या द्रावणाच्या बाष्पदाबाहून अधिक असला की हवेतले पाणी मिठाकडे येत राहते.

तो बाष्पदाब किती असावा? शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. राउल्टच्या नियमाने हिशेब केला आणि मिठाचे रेणू अखंड राहतात असे धरले, तर द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ९० टक्के येतो. मिठाचे सोडियम व क्लोराइड असे दोन आयन वेगळे होतात हे ध्यानात घेऊन पुन्हा हिशेब केला तर तो सुमारे ८२ टक्के येतो. प्रत्यक्षात तो सुमारे ७५ टक्के आहे. म्हणजे ३० अंशांना शुद्ध पाण्याचे ३२ मिलिमीटर, तर या द्रावणाचे २४. आषाढातील कोकणची हवा ही ७५ टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडते, म्हणून मीठ पाझरते. मिठागरातील खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, त्यामुळे ते याहून कोरड्या हवेतही ओले होते. आता पाहा : ९० वरून ८२ पर्यंतच्या अंतराने मिठाचे रेणू पाण्यात अखंड राहत नाहीत हे सांगितले; ८२ वरून ७५ पर्यंतच्या अंतराने ते आयन पाण्याला धरून ठेवतात हे सुचविले. ज्याला आपण ‘विचलन’ म्हणून दोष दिला, त्यानेच पदार्थाच्या अंतरंगाची बातमी दिली. हिशेब तंतोतंत जुळला असता तर एवढेही कळले नसते.

दुसरे उदाहरण अल्कोहोल आणि पाणी यांचे. पाठ्यपुस्तकांतून सामान्यतः असे सांगितले जाते की, धन विचलन असेल तेथे मिसळताना घनफळ वाढते व उष्णता शोषली जाते. ऋण विचलन असेल तेथे याच्या उलट. बाष्पदाबाच्या बाबतीत अल्कोहोल-पाण्याचे विचलन धन आहे. इतके की वजनी सुमारे ९५·६ टक्के अल्कोहोलचे मिश्रण ७८·२ अंशांवर, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्या ७८·४ अंशांहूनही किंचित आधी, आपले प्रमाण न बदलता उकळते. म्हणूनच साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापलीकडे शुद्ध अल्कोहोल मिळत नाही. पण याच दोन द्रवांचे पन्नास-पन्नास मिलिलिटर एकत्र केले तर शंभराऐवजी सुमारे ९६ मिलिलिटरच भरतात, आणि मिश्रण हाताला ऊन लागते. म्हणजे बाष्पदाबाच्या बाजूने पाहावे तर विचलन एका दिशेचे, घनफळ आणि उष्णता यांच्या बाजूने पाहावे तर दुसऱ्या दिशेचे. दुराचार एकाच दिशेने झाला असावा, ही नीतिकथेची अपेक्षा येथे फसते. द्रावणाची निरनिराळी अंगे वेगवेगळी मोजावी लागतात, आणि प्रत्येक अंगाची तफावत आपापली गोष्ट सांगते.

६

मग ‘आदर्श’ हा शब्द टाकून द्यावा काय? ‘कल्पित द्रावण’ वा ‘प्रमाण द्रावण’ असे पर्याय सुचू शकतात. परंतु ‘कल्पित’ म्हणजे खोटे असा ध्वनी निघतो. आणि ‘प्रमाण’ शब्दावर आधीच मोजमाप, पुरावा, गुणोत्तर असा फार बोजा आहे. शिवाय ‘आदर्श वायू’ ही संज्ञाही रूढ असल्याने एका ठिकाणी बदल केला की दोन्ही ठिकाणी घोटाळा होईल. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, शब्द ठेवावा आणि त्याचा जुना अर्थ त्याला परत मिळवून द्यावा.

‘आदर्श’ या संस्कृत शब्दाचा एक मुख्य अर्थ आरसा हा आहे. ‘आ’ आणि ‘दृश्’ : ज्यात पाहावयाचे ते. अमरकोशाने दर्पण, मुकुर आणि आदर्श हे पर्यायशब्द म्हणून दिले आहेत. पोथीची नक्कल जिच्यावरून करावयाची त्या मूळ प्रतीलाही आदर्श म्हणत, आणि पाठचिकित्सेचा अभ्यासक आदर्श प्रतीशी दुसरी प्रत ताडून पाहतो तेव्हा पाठभेदांबद्दल नक्कलकाराला शिक्षा करीत नाही. त्या भेदांवरून पोथीचा प्रवास शोधतो. आदर्श द्रावण हे या अर्थाने आदर्श आहे. ते अनुकरणासाठी नाही; त्यात वास्तव द्रावणाचे तोंड पाहावयाचे आहे. ही एक ओळ शिक्षकाने प्रारंभीच सांगितली तर संज्ञेचा सारा रोख पालटतो.

यास अनुसरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ‘अनादर्श द्रावण’ हा प्रयोग सोडून ‘वास्तव द्रावण’ म्हणावे. ज्यांची संख्या जवळजवळ सर्व आहे त्यांना नकाराने ओळखणे योग्य नाही. दुसरी, ‘नियम पाळते’ याऐवजी ‘नियमाशी जुळते’ असे लिहावे. तिसरी, ‘विचलन’ऐवजी ‘तफावत’ हा शब्द घ्यावा. तो अरबी मुळाचा आहे आणि भाषाशुद्धीच्या दृष्टीने त्यावर हरकत निघेल, याची जाणीव आहे. परंतु जमाखर्चात अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष शिल्लक यांतील अंतरास मराठी माणूस शतकानुशतके हाच शब्द वापरीत आला आहे. त्यात दोष गृहीत नाही, शोध गृहीत आहे. ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्दही मूळचे देण्याघेण्याच्या व्यवहारातलेच; ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ते गणितात रूढ अर्थाने वापरले. तेव्हा ‘धन तफावत’ व ‘ऋण तफावत’ यांत एक संस्कृत आणि एक अरबी शब्द शेजारी आले तरी दोघेही एकाच वहीतले आहेत. त्याऐवजी ‘अधिक तफावत’ म्हणावे तर ‘जास्त फरक’ असा दुसराच अर्थ निघतो; तेव्हा सोपेपणाचा मोह येथेही आवरला पाहिजे.

चार संज्ञांपैकी एक योग्य ठरली, एक सांभाळून वापरावी अशी, एक अर्थाने दुरुस्त करावी अशी आणि एक बदलावी अशी, असा हा निष्कर्ष आहे. सगळे तत्सम शब्द वाईट किंवा सगळे घरचे शब्द चांगले असा कोणताही सरसकट निवाडा या चारांवरून देता येत नाही. प्रत्येक शब्द त्याच्या विषयात नेऊन पारखावा लागतो. १८३२ साली बाळशास्त्र्यांनी आपल्या वृत्तपत्राला ‘दर्पण’ हे नाव दिले. त्याच अर्थाचा ‘आदर्श’ हा शब्द आपण रसायनशास्त्राला दिला आणि त्याचा आरसेपणा मात्र विसरलो. तो विद्यार्थ्यास आठवून देण्यास नवा कोश लागत नाही. वर्गातील दोन वाक्ये पुरेशी आहेत.